उंबरठ्यावरचें गिऱ्हाईक

गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांतून एक नवा उद्योग हळूहळू मूळ धरूं लागला आहे. कोणाच्या घरचें मेतकूट व थालिपिठाची भाजणी, कोणाच्या बागेंतील हापुसाच्या पेट्या, कोणा सूनबाईंनीं शिवलेले खणाचे बटवे, तर कोणा वडीलधाऱ्या गृहस्थांनीं चालविलेले संस्कृताचे वर्ग, हें सारें पूर्वीं आळींतील चार घरांपुरतें असे. आतां तेंच संकेतस्थळाच्या, म्हणजे ज्यास सर्वजण वेबसाइट म्हणतात तिच्या मार्फत, नागपुरापासून न्यू जर्सीपर्यंत कोणाच्याही हातांतील मोबाईलवर जाऊन पोहोंचतें. घरांतील एखादी भाची किंवा पुतणी दोन रविवार खर्चून ती वेबसाइट उभी करून देते, नातेवाईक मंडळी कौतुक करतात, पहिल्या महिन्यांत ओळखीच्या लोकांच्या मागण्या येतात, आणि पुढें सर्व शांत होतें. मोजदाद पाहावी तर माणसें शेंकड्यांनीं येऊन गेलेलीं दिसतात. मागणी नोंदविणारीं मात्र हाताच्या बोटांवर मोजावीं इतकींच.

मग घरांत खल सुरू होतो. एकजण म्हणतो, जाहिरात वाढवा, दुसरा म्हणतो, रंग बदला, आणि आजोबा म्हणतात, "मीं आधींच सांगितलें होतें." या खलांत जो प्रश्न विचारावयास हवा तो सहसा कोणी विचारीत नाहीं. हीं माणसें आपण होऊन दारापर्यंत आलीं. आपली त्यांची ओळख नसतां आलीं, त्या अर्थीं त्यांस कांहीं तरी हवें होतें. मग तीं उंबरठ्यावरूनच परत कां गेलीं? आमचें मत असें आहे कीं, अशीं पुष्कळ गिऱ्हाइकें दुसऱ्या दुकानाच्या मोहानें जात नाहींत. आपणच दारांत मांडून ठेवलेल्या अडगळीस अडखळून माघारीं फिरतात. आणि तीं जाऊं नयेत म्हणून त्यांची वाट अडविण्याची जी एक विद्या हल्लीं फैलावली आहे, तिनें दुकानाची मोजदाद फुगली तरी दुकानाचें नांव राहत नाहीं.

प्रथम वेळेचा विचार करूं. संगणक व मनुष्य यांच्या व्यवहाराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनीं १९९३ सालीं तीन मर्यादा सांगितल्या. सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत उत्तर मिळालें तर तें तत्क्षणीं मिळालें असें वाटतें. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाहीं. आणि दहा सेकंद लोटले कीं लक्ष उडून माणूस दुसऱ्या कामास लागतो. पुढें यंत्रें बदललीं, मनुष्याचें मन तेंच राहिलें. उलट सहनशक्ति कमीच झाली असावी. कारण गूगल कंपनीनें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें, मोबाईलवर पान उघडण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास ५३ टक्के भेटी तेथेंच संपतात. गूगल स्वतः जाहिरातींच्या धंद्यांतील कंपनी आहे, म्हणून तिचा आंकडा थोडा तोलूनच घ्यावा. पण त्याची दिशा खोटी नाहीं. पंगत मांडली आणि वाढपीच आले नाहींत, तर पाहुण्यांनीं पानावर किती वेळ बसून राहावें?

घरगुती वेबसाइटींत हा विलंब बहुधा छायाचित्रांमुळें होतो. मोबाईलनें काढलेलें एकेक छायाचित्र चारपांच मेगाबाइटांचें असूं शकतें. तें जसेंच्या तसें चढविलें, आणि अशीं वीस चढविलीं, म्हणजे एस. टी. च्या गाडींत बसलेल्या माणसाच्या मोबाईलवर तें पान पुरतें उघडेपर्यंत पुढचें गांव येतें. तेंच चित्र दोनशें किलोबाइटांच्या आसपास आणलें तरी मोबाईलच्या पडद्यावर बहुधा डोळ्यांस फरक जाणवत नाहीं. याला पैसा लागत नाहीं, एक दुपार लागते. आणि जाहिरातीवर रुपया खर्चण्यापूर्वीं ही दुपार खर्च करावी.

पान उघडलें. आतां आलेल्याच्या मनांत तीन प्रश्न असतात: येथें काय मिळतें, केवढ्यास मिळतें, आणि देणारा कोण. आमच्या पाहण्यांत आलेल्या कित्येक वेबसाइटींवर प्रथम दर्शन घडतें तें संस्थापकांच्या मनोगताचें. त्यांत परंपरा येते, ध्यास येतो, गुणवत्तेची कांस येते. भाव मात्र तिसऱ्या पानावर कोठें तरी दडून बसलेला असतो. हापुसाचेंच उदाहरण घ्या. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील हापुसास भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे त्या नांवामागें कायदा उभा राहिला. तरीही पुण्यामुंबईचें गिऱ्हाईक साशंक असतें, कारण दुसरीकडचा आंबा हापूस म्हणून केव्हां ना केव्हां त्याच्या गळ्यांत पडलेला असतो. अशा माणसास "अस्सल" हा शब्द दहा वेळां ऐकवून काय उपयोग? बाग कोणत्या गांवीं आहे, पेटींत किती डझन फळें आहेत, एकेक फळ अदमासें किती ग्रॅमचें, काढणी कोणत्या दिवसाची, पेटी हातीं येईल तेव्हां आंबा कच्चा असेल कीं पाडाला लागलेला, घरीं अढी लावावी लागली तर किती दिवस, आणि एखाददुसरें फळ नासकें निघाल्यास आपण काय करणार, एवढें सातआठ ओळींत लिहिलें तर त्यांतच "अस्सल" येऊन गेलें. ज्यास खोटें विकावयाचें असतें तो इतक्या तपशिलांत शिरत नाहीं, हें गिऱ्हाइकास न सांगतां कळतें. हा मजकूर मराठींतही असावा हें आम्हीं सांगावयास नको. २०११ च्या जनगणनेंत मराठी ही मातृभाषा सांगणारीं माणसें ८ कोटी ३० लाख होतीं, आणि घरांतील खरेदीचा शेवटचा कौल देणारी सासू त्यांत असावयाचीच.

पुष्कळ जिन्नस मांडले म्हणजे पुष्कळ विक्री होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. शीना आयंगार व मार्क लेपर या दोघा संशोधकांनीं या समजाची परीक्षा घेतली व तिचा वृत्तांत २००० सालीं प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियांतील एका उंची किराणा दुकानांत त्यांनीं जॅमची चव पाहण्याचें टेबल मांडलें; कांहीं तास त्यावर २४ प्रकार, कांहीं तास केवळ ६. चोवीस प्रकार मांडले असतां जवळून जाणारांपैकीं शेंकडा ६० थांबले, सहा असतां शेंकडा ४०. येथपर्यंत चोवीसांची सरशी. परंतु थांबलेल्यांपैकीं प्रत्यक्ष विकत घेणारे पाहावे, तर चोवीसांच्या टेबलाशीं शेंकडा ३ आणि सहांच्या टेबलाशीं शेंकडा ३०. माणूस थांबला म्हणजे गिऱ्हाईक झाला असें नव्हे, हें यांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच कोठें दिसत असेल. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगणें अवश्य आहे: २०१० सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यांत आला, तेव्हां हा परिणाम सर्वत्र आढळला नाहीं. म्हणून "सहाच जिन्नस ठेवा" असा दंडक कोणीं घालून घेऊं नये. परंतु लोणच्यांचे अठरा प्रकार एकाखालीं एक मांडून नवख्या माणसास त्यांत सोडून देण्यापेक्षां, "प्रथमच घेत असाल तर हें घेऊन पाहा" असें एका बरणीकडे बोट दाखविण्यांत शहाणपण आहे. पेठेंतला जुना वाणी हेंच करीत असे.

कोणता शब्द व कोणतें चित्र लोकांस रुचेल याविषयीं घरांत वाद माजतात. अशा वादांत सर्वांत वडील माणसाचें मत किंवा सर्वांत मोठा आवाज जिंकतो. मोठ्या संस्था याऐवजीं मोजून पाहतात. बराक ओबामा यांच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या प्रचारांत, २००७ च्या डिसेंबरांत, त्यांच्या वेबसाइटवर असा एक प्रयोग झाला. हेतु विक्रीचा नव्हता, येणारांनीं आपलीं नांवें नोंदवावीं हा होता. पण प्रश्न तोच. बटणावरील चार निरनिराळे मजकूर आणि वरील सहा दृश्यें, त्यांत तीन छायाचित्रें व तीन चित्रफिती, यांच्या चोवीस जोड्या करून तीन लाखांहून अधिक भेटींत त्या वांटून दिल्या. कचेरींतील मंडळींचा ओढा एका चित्रफितीकडे होता. जिंकलें तें सहकुटुंब छायाचित्र, आणि त्याखालीं "अधिक जाणून घ्या" एवढेच शब्द. नोंदणीचें प्रमाण शेंकडा ८.२६ वरून ११.६ वर गेलें. "नांव नोंदवा" अशी आज्ञा करण्यापेक्षां "आधीं पाहून तर घ्या" हें लोकांस अधिक मानवलें, असा याचा अर्थ आम्ही करतों.

मात्र अशी मोजणी लाखांच्या गर्दींत शोभते. जेथें महिन्यांतून सातआठ मागण्या, तेथें बटण हिरवें केल्यावर दहा आल्या तर तो हिरव्या रंगाचा प्रताप कीं चतुर्थीचा, हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. लहान दुकानास दुसरा उपाय आहे, आणि तो सोपा आहे. ज्यांनीं आपली वेबसाइट पूर्वीं पाहिलेली नाहीं अशा पांच माणसांस, शेजारच्या काकू, मावसभाऊ, मुलाचा मित्र, कोणासही, एकेक करून बसवावें. "यावरून एक किलो भाजणी मागवा" एवढेंच सांगावें. आणि आपण मागें उभें राहून तोंड मिटून पाहावें. तोंड मिटण्याचा भाग अवघड आहे. काकूंचें बोट जेथें थबकतें तेथें दोष काकूंचा नव्हे. नील्सन यांनींही २००० सालीं पांच माणसांचाच हिशेब मांडला होता; बहुतेक अडचणी तेवढ्यांत उघड होतात, असें त्यांचें म्हणणें.

आतां जी हकीकत सांगतों तींत या विषयाचें बहुतेक सार आलें आहे. जेअर्ड स्पूल नांवाच्या अमेरिकन तज्ज्ञांनीं ती २००९ सालीं लिहून प्रसिद्ध केली. दुकानाचें नांव मात्र त्यांनीं गुप्त ठेवलें. एका फार मोठ्या विक्रेत्याची वेबसाइट होती. गिऱ्हाईक वस्तु निवडी, त्या टोपलींत टाकी, आणि पैसे देण्यासाठीं बटण दाबी. तों त्याच्यापुढें एक लहानसा तक्ता उभा राही. त्यांत दोन रकाने, ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड, दोन बटणें, "प्रवेश करा" व "नांव नोंदवा", आणि एक ओळ, "पासवर्ड विसरलांत?" मालकांची कल्पना अशी कीं, जुन्या गिऱ्हाइकांचा यानें वेळ वांचेल, आणि नव्यांस पहिल्या खेपेस थोडी तसदी पडली तरी पुढें कायमची सोय होईल.

घडलें तें उलट. नव्या माणसांस तो तक्ता पाहून राग आला. आम्ही पैसे देण्यास आलों आहों, सोयरीक जुळविण्यास नव्हे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं काढले. शिवाय आपली माहिती घेऊन पुढें जाहिरातींचा भडिमार होणार अशी धास्ती होतीच. जुन्यांची गत याहून वाईट. आपण कोणत्या ईमेलनें नोंद केली होती, पासवर्ड काय ठेवला होता, हें बहुतेकांस आठवेना. दुकानाचें दप्तर तपासलें तों शेंकडा ४५ गिऱ्हाइकांच्या एकाहून अधिक नोंदी निघाल्या, कोणाच्या तर दहा. दररोज सुमारें १,६०,००० माणसें विसरलेला पासवर्ड मागत, आणि त्यांपैकीं शेंकडा ७५ पुढें खरेदी पुरी करण्याच्या भरीसच पडत नसत. म्हणजे ज्यांनीं वस्तु पसंत केली, टोपलींत घातली, खिशांत हात घातला, अशीं माणसें दुकानदारानें स्वतःच्या हातानें दाराबाहेर काढलीं, आणि तेंही त्यांची सोय करण्याच्या सद्धेतूनें.

उपाय अगदीं लहान होता. "नांव नोंदवा" हें बटण काढून त्या जागीं "पुढें चला" असें बटण ठेवलें, आणि शेजारीं दोन वाक्यें घातलीं: खरेदीसाठीं खातें उघडण्याची जरूर नाहीं, पुढच्या वेळची सोय व्हावी असें वाटल्यास खरेदी करतांना तें उघडतां येईल. एवढ्यानें खरेदी पुरी करणारांची संख्या शेंकडा ४५ नें वाढली. पहिल्या महिन्यांत दीड कोटी डॉलर, आणि पहिल्या वर्षांत तीस कोटी डॉलर इतकी अधिक विक्री झाली. आपल्या घरीं पाहुणा आला तर आपण आधीं पाणी देतों, मग चौकशी करतों. गोत्र विचारून मग पाण्याचा तांब्या पुढें करणारें घर कोणीं पाहिलें आहे? तरीही घरगुती वेबसाइटींवर एक किलो भाजणीसाठीं जन्मतारीख विचारलेली आम्हीं पाहिली आहे. नांव, पत्ता, पिनकोड व फोन, यांपलीकडे भाजणीस कांहीं लागत नाहीं.

टोपली भरून ती सोडून देण्याचा प्रकार मोठ्यांकडेही आहे. या विषयावरील अनेक पाहण्या एकत्र करून बेमार्ड या डेन्मार्कमधील संस्थेनें काढलेली सरासरी अशी कीं, भरलेल्या दर दहा टोपल्यांतील सुमारें सात तशाच राहतात. त्यांतील पुष्कळ लोक नुसते पाहण्यास आलेले असतात हें खरें. पण खरोखर घेण्यास आलेल्यांनीं दिलेल्या कारणांत अग्रस्थान आहे तें शेवटच्या पायरीवर वाढलेल्या खर्चास, म्हणजे पाठवणावळ, कर व असेच इतर आकार यांस. आपल्या जुन्या मासिकांच्या शेवटल्या पानांवरील जाहिराती आठवा. किमतीला लागूनच "टपालखर्च निराळा" अशी नोंद असे. वाचणारा तेथेंच मनाशीं हिशेब करी, आणि पार्सल सोडवितांना त्याची फसगत होत नसे. टपालखात्यानें व्ही. पी. ची पद्धत १८७७ सालीं सुरू केली. माल दारांत आला कीं पोस्टमनच्या हातीं पैसे द्यावयाचे. न पाहिलेल्या दुकानदारावर भरंवसा कसा ठेवावा या कोड्याचें तें उत्तर होतें. फ्लिपकार्टनें २०१० सालीं माल पोहोंचल्यावर पैसे घेण्याची सोय काढली, ती याच वाटेची. २०१६ सालीं यूपीआय आल्यावर आगाऊ पैसे देणें क्षणाचें काम झालें, पण भरंवशाचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं, पुढें ढकलला जातो. म्हणून पेटीच्या भावाशेजारींच "पुण्यास पाठवणावळ इतकी, नागपुरास इतकी" हें लिहावें. एकूण आंकडा मोठा दिसेल म्हणून भिऊं नये. तो शेवटीं दिसणारच आहे.

येथून आम्ही त्या दुसऱ्या विद्येकडे वळतों. पुष्कळ सल्लागार हल्लीं असें शिकवितात कीं, आलेला माणूस जाऊं लागला कीं त्यास अडवा. उलटें चालणारें घड्याळ लावा. "आतां दोनच पेट्या शिल्लक" असें लिहा, मग माडीवर दोनशें कां असेनात. "नको" या बटणावर "मला पैसे वांचवावयाचे नाहींत" असें लिहून त्यास लाजवा. अशा युक्त्यांस हॅरी ब्रिग्नल या इंग्रज तज्ज्ञांनीं २०१० सालीं "डार्क पॅटर्न" हें नांव दिलें. या विद्येचें ठळक उदाहरण अमेझॉनचें. त्या कंपनीच्या प्राइम वर्गणींत शिरणें सोपें आणि बाहेर पडणें कठीण केलें होतें, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें जून २०२३ मध्यें फिर्याद केली. वर्गणी बंद करावयाची तर चार पानें, सहा वेळां दाबावयाचीं बटणें आणि पंधरा पर्याय, असें त्या फिर्यादींत म्हटलें होतें. आणि कंपनीच्या आंतल्या बोलण्यांत या वाटेस नांव होतें "इलियड", होमर कवीच्या त्या प्रदीर्घ युद्धकाव्याचें! सप्टेंबर २०२५ मध्यें कंपनीनें आरोप कबूल न करतां अडीच अब्ज डॉलरांवर तडजोड केली. त्यांतील एक अब्ज दंड, आणि दीड अब्ज गिऱ्हाइकांस परत.

आपल्याकडेही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, याखालीं केंद्रीय प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं मार्गदर्शक तत्त्वें काढून असे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. खोटी घाई, टोपलींत गुपचूप भर, लाजवून होकार घेणें, वर्गणीचा सांपळा, किंमत थेंबाथेंबानें उघड करणें, हे त्यांतील कांहीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं निवृत्त वडीलमंडळींच्या खात्यांतून न मागितलेल्या कसल्याशा वर्गणीची रक्कम दरमहा निमूट जात असेल. बँकेचें पत्रक घेऊन एकदां बसून पाहावें. कांहीं तरी सांपडेल.

घरगुती दुकानदारास या विद्येचा मोह होतो हें आम्ही जाणतों, कारण तिनें पहिल्या महिन्याचे आंकडे खरोखरच वाढतात. परंतु परदेशी कंपनी अडीच अब्ज देऊनही उद्यां दुकान उघडते. आपल्या भाजणीच्या पिशवीवर आडनांव छापलेलें असतें. खोट्या घाईनें घेतलेली पेटी ज्याच्या घरीं जाते त्याच्या विहिणीच्या ओळखींत आपलीच आत्या निघते, आणि मग ती गोष्ट कोणत्याही वेबसाइटपेक्षां जलद पसरते. म्हणून संपलेला माल "संपला" असेंच लिहावें, आणि पुढची खेप केव्हां येईल तें कळविण्यासाठीं फोन नंबर ठेवून जाण्यास सांगावें. तो नंबर ठेवणारा माणूस आपण होऊन थांबलेला असतो.

एक गोष्ट राहिली. ई-कॉमर्स नियम, २०२०, यांप्रमाणें वेबसाइटवर धंदा करणारानें तक्रार ऐकणारा अधिकारी नेमून त्याचें नांव व संपर्क प्रसिद्ध करावयाचा असतो, तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावयाची असते, आणि महिन्याच्या आंत तिचा निकाल लावावयाचा असतो. होकाराची खूण आधींच करून ठेवलेली चौकटही या नियमांस चालत नाहीं. एकत्र कुटुंबांत हा अधिकारी नेमण्यास अडचण पडूं नये. प्रत्येक घरांत गोड बोलून हिशेब चोख ठेवणारें एक माणूस असतेंच, आणि बहुधा तें माणूस वेबसाइट बांधणाऱ्या पुतणीहून निराळें असतें. फोन त्याच्या हातीं द्यावा. त्याची वेळ पानावर ठळक लिहावी. दुपारीं एक ते चार फोन उचलला जाणार नसेल तर तेंही लिहावें. निदान पुणेकर तरी समजून घेतील.